ओफीरचं सोनं आणि सोपाऱ्याचं बंदर

चि. बायोस,
अनेक आशीर्वाद.

नाताळच्या विशेषांकासाठी तू सोपाऱ्यावर लेख लिहायला घेतलास, याचा मला फार आनंद झाला. आपल्या वसईत लिहिणाऱ्यांची वाण नाही, पण ज्या जमिनीवर आपण वाढलो तिचा दोन-अडीच हजार वर्षांचा हिशेब मांडायला तुझ्या वयाची मुलं सहसा बसत नाहीत. तू बसलीस. लेखाचं पहिलं वाक्यही कळवलंस: शलमोन राजाच्या मंदिरातलं सोनं आपल्या सोपाऱ्याच्या बंदरातून गेलं. आणि खाली विचारलंस, ‘मामा, बायबलमधलं ओफीर म्हणजे आपलं सोपाराच ना?’

हे वाक्य तसं लिहू नकोस. पण नुसतं ‘नको’ म्हणून हा विषय मला मिटवायचा नाही. तुझ्या प्रश्नात एका नावाचा हिब्रूपासून ग्रीक, कॉप्टिक, लॅटिन, अरबीपर्यंतचा प्रवास आहे आणि तो तुला नीट ठाऊक असावा असं मला मनापासून वाटतं. ‘ओफीर म्हणजे सोपारा’ हे आपल्याकडे प्रवचनांत, स्मरणिकांत, लग्नाच्या मांडवातल्या गप्पांत इतक्या वेळा ऐकू येतं, की ते कुठून आलं हे कुणी विचारतच नाही.

आधी बायबल काय म्हणतं ते पाहू. राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात शलमोन तांबड्या समुद्राच्या काठी, अदोम देशात, एलोथजवळच्या एसयोन-गेबेर इथे गलबतं बांधतो. सोरचा राजा हिराम त्याला दर्यावर्दी माणसं देतो. ती ओफीरला जातात आणि ४२० किक्कार सोनं आणतात. इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकात हाच आकडा ४५० आहे. एक किक्कार तीस-चौतीस किलोंचा धरला, तर कमी आकडा घेऊनही हे सोनं साडेबारा टनांच्या वर जातं. पुढच्या अध्यायात त्याच ओफीरहून अल्मुग नावाचं लाकूड आणि रत्नं येतात. पुढे यहोशाफाट राजाही ओफीरला गलबतं पाठवायला निघतो, पण ती एसयोन-गेबेरलाच फुटतात. एवढंच. ओफीर कुठे आहे, किती दिवसांच्या अंतरावर आहे, तिथे कोण राहतं, यातलं काहीही लिहिणाऱ्याने सांगितलेलं नाही. त्याच्या वाचकांना ते माहीत असावं.

इथे एक बारीक गोष्ट ध्यानात ठेव. हस्तिदंत, वानर आणि मोर घेऊन तीन-तीन वर्षांनी येणारी गलबतं दहाव्या अध्यायात आहेत खरी, पण तिथे त्यांना तार्शीशची गलबतं म्हटलं आहे, ओफीरची नव्हे. आपण दोन्ही एकत्र करतो आणि मोर आले म्हणजे हिंदुस्तान आला असं धरून चालतो. मोरांसाठीचा हिब्रू शब्द ‘तुक्कियीम’ तमिळ ‘तोगै’शी, म्हणजे मोराच्या पिसाऱ्याच्या शब्दाशी, जोडणारे अभ्यासक आहेत. तो शब्द मोरांचा नसून माकडांच्या एखाद्या जातीचा आहे, असं म्हणणारेही आहेत. अल्मुगला चंदन मानणारे आहेत, पण इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकात हेच लाकूड शलमोन लबानोनातून मागवतो. चंदन काही लबानोनात होत नाही. तेव्हा या दोन पुराव्यांवर भार टाकू नकोस.

ओफीरचं सोनं ही निव्वळ कथा नव्हती, एवढं मात्र खात्रीने लिही. १९४६ साली तेल अवीवजवळ, यार्कोन नदीकाठच्या तेल कासीले या टेकाडावर मडक्याचं एक खापर सापडलं. त्यावर इ.स.पूर्व आठव्या शतकातल्या हिब्रू अक्षरांत नोंद आहे: ओफीरचं सोनं, बेथ-होरोनसाठी, ३० शेकेल. कुणा कारकुनाने किंवा व्यापाऱ्याने लिहिलेली ही साधी नोंद आहे. त्या काळी बाजारात ‘ओफीरचं सोनं’ ही मालाची ओळख होती, हे त्यावरून उघड दिसतं. यशया, ईयोब, स्तोत्रसंहिता यांतही ओफीर हे नाव उंची सोन्याचं नाव म्हणूनच येतं.

आता नावाकडे ये. हिब्रूत ते आलेफ, वाव, पे, योद, रेश या अक्षरांनी लिहितात. यात ‘स’ कुठेही नाही. मधलं अक्षर ‘प’चं आहे. स्वरानंतर त्याचा ‘फ’ होणं ही हिब्रूत नंतर आलेली सवय आहे, म्हणून शलमोनाच्या काळात उच्चार ‘ओपीर’च्या जवळ असावा. तुझ्या बाजूने ही एक गोष्ट मी आनंदाने मान्य करतो: ‘ओपीर’ आणि ‘सोपारा’ ही नावं ‘ओफीर’ आणि ‘सोपारा’पेक्षा जास्त जवळची वाटतात. पण सुरुवातीचा ‘स’ आला कुठून?

तो आला अलेक्झांड्रियाहून. इ.स.पूर्व तिसऱ्या शतकापासून इजिप्तमधल्या त्या बंदरात यहुद्यांनी आपले धर्मग्रंथ ग्रीकमध्ये उतरवायला सुरुवात केली. त्या भाषांतरात हे नाव एका रूपात स्थिर नाही. उत्पत्तीत ते ‘ऊफीर’ आहे. राजांच्या आणि इतिहासाच्या पुस्तकांत मात्र ‘सोफीरा’, ‘सोफेरा’ अशी रूपं येतात, यशयात ‘सूफीर’. वेगवेगळ्या पुस्तकांची भाषांतरं वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या पिढ्यांत केली, त्यामुळे नाव असं हललं. त्यांतल्या काहींनी हिब्रूत नसलेला ‘स’ जोडला. याच्या मागे काही कारण असणारच. अलेक्झांड्रिया हे तांबड्या समुद्राच्या व्यापाराशी जोडलेलं शहर होतं, पूर्वेकडच्या बंदरांची नावं तिथल्या लोकांच्या कानावर असत. त्या माणसांना ओफीर वाचताना सोफीरसारखं कुठलं तरी ओळखीचं नाव आठवलं असणं शक्य आहे.

पुढे पहिल्या शतकात जोसेफस हा यहुदी इतिहासकार स्पष्टच लिहितो की शलमोनाची गलबतं सोफेरा नावाच्या देशी गेली, ज्याला आता सोन्याचा देश म्हणतात आणि जो हिंदुस्तानचा भाग आहे. जोसेफस ग्रीकमध्ये लिहीत होता. त्याच्यासमोर ‘स’ असलेलं रूप होतं आणि हिंदी महासागरातला व्यापार त्याच्या काळात ऐन भरात होता. चौथ्या शतकाच्या अखेरीस संत जेरोमने ईयोबाच्या पुस्तकाचं लॅटिन भाषांतर केलं तेव्हा अठ्ठाविसाव्या अध्यायात, जिथे हिब्रूत ओफीरचं सोनं आहे, तिथे त्याने सरळ इंडिया हा शब्द घातला. हजारेक वर्षं पश्चिमेच्या मठांतून हेच लॅटिन वाचलं गेलं.

आणि कॉप्टिक. इजिप्तच्या ख्रिस्ती लोकांच्या या भाषेच्या जुन्या शब्दकोशांत ‘सोफीर’ या शब्दाचा अर्थ हिंदुस्तान असा दिला आहे. ओफीर म्हणजे भारत, असं म्हणणारे याच पुराव्यावर सर्वांत जास्त भर देतात. ऐकताना तो बिनतोड वाटतो. पण नीट विचार कर. कॉप्टिक बायबल हे ग्रीक बायबलवरून झालेलं आहे आणि ते शब्दकोश त्याहूनही पुष्कळ नंतरचे आहेत. म्हणजे ग्रीक भाषांतरातलंच ‘सोफीर’ कॉप्टिकमध्ये उतरलं आणि जोसेफससारख्यांच्या मताप्रमाणे त्याचा अर्थ हिंदुस्तान असा लावला गेला, हे सहज घडू शकतं. मग कॉप्टिकचा पुरावा ग्रीकला आणि ग्रीकचा कॉप्टिकला देणं म्हणजे एकाच साक्षीदाराला दोनदा उभं करणं झालं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली कळीची गोष्ट हीच आहे. तो ‘स’ आपल्याला अलेक्झांड्रियातल्या लोकांना काय वाटत होतं ते सांगतो. शलमोनाची माणसं कुठे गेली ते तो सांगत नाही. दोहोंच्या मध्ये सातशे वर्षांचं अंतर आहे.

आपली मराठी बायबलं ‘ओफीर’ असंच लिहितात, हिब्रूला धरून. त्यांत ‘स’ नाही.

आता दुसरं टोक, आपल्या सोपाऱ्याचं. संस्कृतात ‘शूर्पारक’. महाभारतात पांडव तीर्थयात्रेत इथे येतात आणि परशुरामाशी या जागेचं नातं तिथेच सांगितलं आहे. शूर्प म्हणजे सूप, धान्य पाखडायचं. शूर्पाचं जसं बोलताना सूप झालं, त्याच वाटेने शूर्पारकाचं ‘सुप्पारक’, ‘सोपारक’ आणि शेवटी सोपारा झालं. पाली ग्रंथांत सुप्पारक हे नाव पुनःपुन्हा येतं. लंकेच्या महावंसात राजपुत्र विजय लंकेला पोचण्याआधी सुप्पारकाला उतरतो. एका जातककथेत सुप्पारक नावाचा तांडेल आहे, खाऱ्या पाण्याने त्याची दृष्टी गेलेली असते आणि तरीही तो गलबत वाचवतो. कार्ल्याच्या लेण्यातल्या खांबावर सोपारकाच्या दात्याचं नाव कोरलं आहे. ग्रीक खलाशांच्या वाटाड्या पुस्तकात, ‘पेरिप्लस’मध्ये, इ.स.च्या पहिल्या शतकात भडोचच्या खाली आणि कल्याणच्या आधी ‘सूप्पारा’ आहे, दुसऱ्या शतकात टॉलेमीच्या भूगोलात ‘सूपारा’. अरबांनी ‘सूबारा’ लिहिलं, कारण अरबीत ‘प’ नाही.

ग्रीक दर्यावर्दी आपल्या बंदराचं नाव ‘प’ने लिहितात, बायबलचं ग्रीक भाषांतर ओफीरचं नाव ‘फ’ने. ग्रीकमध्ये ही दोन निराळी अक्षरं आहेत. यावरून निकाल लागत नाही, पण नावं दिसायला सारखी म्हणून एकच, असं म्हणणाऱ्याने इथे थांबून पाहायला हवं.

काळाचा प्रश्न त्याहून मोठा. शलमोन इ.स.पूर्व दहाव्या शतकातला. सोपाऱ्याच्या जमिनीतून जे ठोस हाती आलं आहे ते आपल्याला अशोकाच्या काळापाशी, इ.स.पूर्व तिसऱ्या शतकापाशी नेतं. आणि सोनं? आपला कोकण जांभ्याचा आणि काळ्या दगडाचा, त्यात सोनं नाही. सोन्याच्या खाणी कर्नाटकात, हट्टी आणि कोलारकडे. रोमनांच्या काळात तर सोनं उलट दिशेने, तिकडून इकडे येत होतं. मसाले, मलमल आणि मोत्यांपायी रोमचा पैसा पूर्वेला वाहून जातो, म्हणून प्लिनीने तक्रार केली आहे.

मग ओफीर कुठे असावं? उत्पत्तीच्या दहाव्या अध्यायात ओफीर हे यक्तानाच्या एका मुलाचं नाव आहे. त्याच्या आधी शबा, नंतर हवीला. ही सगळी अरबस्तानातल्या टोळ्यांची आणि प्रदेशांची नावं. सौदी अरेबियात मक्का आणि मदिना यांच्यामध्ये महद अध-धहब नावाची फार जुनी खाण आहे. १९७०च्या दशकात अमेरिकी भूवैज्ञानिकांनी हीच ओफीर असावी असं सुचवलं. मला स्वतःला अरबस्तान, किंवा तांबड्या समुद्राच्या तोंडाशी असलेला दोन्हीकडचा किनारा, जास्त पटतो.

पण ओफीरवर दावा सांगणारे आपण एकटे नाही, आणि हा भाग मी मुद्दाम सविस्तर लिहितो. कोलंबसाला वाटलं की हिस्पॅनिओला बेट म्हणजे ओफीर. १५६८ साली अल्वारो दे मेंदान्या पॅसिफिकमधल्या बेटांवर पोचला आणि शलमोनाच्या सोन्याच्या आशेने ती बेटं ‘सॉलोमन बेटं’ झाली, आजही आहेत. १८५१ साली ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये सोनं सापडलं त्या जागेचं नाव ओफीर ठेवलं. हे दावे निरुपद्रवी होते. आफ्रिकेत तसं झालं नाही.

मोझांबिकच्या किनाऱ्यावर सोफाला नावाचं बंदर आहे. नाव अरबी, सखल जमिनीवरून आलेलं. आतल्या मुलखातलं सोनं तिथून बाहेर जाई. १५०५ साली पोर्तुगीजांनी तिथे किल्ला बांधला, आणि ग्रीक ‘सोफीरा’ त्यांना चटकन आठवलं. सोफाला म्हणजेच ओफीर, हा समज इतका पसरला की मिल्टनच्या ‘पॅराडाइज लॉस्ट’मध्येही त्याचा उल्लेख आहे. पुढे १८७१ साली कार्ल माउख हा जर्मन प्रवासी किनाऱ्यापासून आत, ग्रेट झिम्बाब्वेच्या प्रचंड दगडी अवशेषांपाशी पोचला. तिथल्या एका तुळईची ढलपी त्याला आपल्या पेन्सिलीच्या लाकडासारखी वाटली. पेन्सिल देवदाराची, देवदार लबानोनचा, म्हणजे हे बांधकाम शलमोनाच्या मंदिराची आणि शबाच्या राणीच्या महालाची नक्कल, असं त्याने अनुमान केलं. तिथे राहणाऱ्या शोना लोकांच्या पूर्वजांनी हे बांधलं असेल, हा विचार गोऱ्या वसाहतवाल्यांना सोयीचा नव्हता, म्हणून ते अनुमान त्यांना आवडलं. १९०२ ते १९०४ या काळात रिचर्ड हॉल याने तिथले मातीचे थर स्थानिकांचा कचरा समजून उकरून फेकून दिले. त्या थरांतच शोनांच्या पूर्वजांचा पुरावा होता. १९०५ मध्ये रँडल-मॅकायव्हरने आणि १९२९ मध्ये गर्ट्रूड केटन-टॉम्पसन यांनी हे काम आफ्रिकी लोकांचंच, मध्ययुगातलं, असं सिद्ध केलं, तरीही गोरं सरकार पुढे कितीतरी वर्षं ते मान्य करायला तयार नव्हतं. १९८० साली स्वतंत्र झालेल्या देशाने आपलं नावच त्या दगडी घरांवरून घेतलं.

बायो, बायबलमधल्या एका नावाने एका समाजाच्या हातून त्याचे पूर्वज हिरावून घेतले. म्हणून मला ‘ओफीर म्हणजे अमुक’ या वाक्याची काळजी वाटते. सोपाऱ्यात कुणी असं वाईट काम केलेलं नाही. एकोणिसाव्या शतकातल्या अभ्यासकांपैकी ज्यांनी सोपारा हे ओफीर असावं असं म्हटलं, त्यांनी ते शक्यता म्हणून मांडलं. पण आपल्या गावाचा मोठेपणा शलमोनाच्या नावावर उभा केला, की जे खरोखर इथे होतं त्याच्याकडे आपण पाठ फिरवतो. एप्रिल १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याचा स्तूप खणला. आत दगडी पेटी, तिच्यात एकात एक ठेवलेले करंडक, सर्वांत आतला सोन्याचा, भिक्षापात्राचे तुकडे, भोवती बुद्धांच्या आठ कांस्यमूर्ती, आणि यज्ञश्री सातकर्णीचं एक चांदीचं नाणं. त्याच वर्षी त्यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला, जो मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात आहे. १९५६ मध्ये भुईगावला नवव्या लेखाचा तुकडा सापडला. भुईगाव, बायो! जिथे आपण सुट्टीत किनाऱ्यावर जातो.

त्या स्तूपाच्या टेकाडाला गावातले लोक ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणत आले. बुरूड सुपं विणतात. शूर्पारकातलं शूर्प विसरल्यावरही गावाने सुपं विणणारा राजा लक्षात ठेवला, असं मला वाटतं. हे माझं वाटणं आहे, लेखात घ्यायचं तर तसं सांगून घे.

तुझ्या लेखात ओफीर जरूर येऊ दे. मधे कुठेतरी एक परिच्छेद दे: हिब्रूत ओफीर, ग्रीकमध्ये सोफीरा, जोसेफसने हिंदुस्तान म्हटलं, जेरोमने इंडिया लिहिलं, आणि त्यामुळे आपल्या बंदराचं नाव या चर्चेत आलं. एवढं सगळं खरं आहे आणि वाचणाऱ्याला आवडेल. फक्त ‘गेलं’, ‘आलं’, ‘होतं’ अशी क्रियापदं ओफीरच्या वाक्यात ठेवू नकोस.

आणि पहिलं वाक्य बदल. नाशिकच्या पांडवलेण्यांत उषवदाताचा लेख आहे. हा नहपान क्षत्रपाचा जावई. त्याने भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शोर्पारग इथे धर्मशाळा बांधल्या, विहिरी आणि तळी खणली. शोर्पारग म्हणजे आपलंच गाव. त्याच लेखात तो म्हणतो की नानंगोल गावातली नारळाची ३२ हजार झाडं त्याने चरक संन्याशांना दिली, आणि त्या संन्याशांच्या चार ठिकाणांपैकी एक शोर्पारगातलं रामतीर्थ आहे. वाड्यांतल्या नारळांनी ज्या गावाची ओळख होते, त्या गावाबद्दल जवळपास एकोणीसशे वर्षांपूर्वी दगडात कोरलेला हा मजकूर आहे. दाता, दान, जागा, सगळं जागच्या जागी. तिथून सुरू कर. लेण्यातला तो लेख बघायला नाशिकला जायचं ठरवलंस तर कळव, मीही येतो. आणि लेख छापायला देण्याआधी एकदा माझ्याकडे पाठव, वर्षांचे आकडे मी तपासून देईन.

तुझा,
मामा